टक्का कमी आला, दाद कुणाकडे? दिव्यांग प्रमाणपत्राविरुद्धचा अपिलाचा हक्क आणि एक रिकामी जागा

श्रीवर्धन, दिवेआगर किंवा म्हसळ्याकडून अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दिव्यांग तपासणीसाठी यायचे तर अख्खा दिवस मोडतो. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून मुरुड-रेवदंड्यामार्गे अलिबाग, नाहीतर माणगावकडून लांबचा वळसा. सोबत घरचा एक माणूस हवाच, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली. सिव्हिलला पोहोचल्यावर केस पेपर, रांग, पुन्हा दुसरी रांग. आणि मग डॉक्टरांसमोरची काही मिनिटे. चालून दाखवा, हात वर करा, कधीपासून आहे, पूर्वीचे कागद कुठे आहेत? नंतर कधीतरी मोबाइलवर स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर एक आकडा दिसतो. ३५ टक्के, ३८ टक्के. 'डॉक्टरांनीच लिहिले म्हटल्यावर आता काय करणार', असे म्हणून अनेक घरांत विषय तिथेच मिटतो.

कायद्याने तो तिथे मिटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५९ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने नाराज असलेल्या कोणत्याही व्यक्तीला राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. हक्क आहे, कलम आहे, पण रुग्णालयातून घरी परतणाऱ्या माणसाच्या हातात त्या हक्काचा पत्ता नसतो. खरी अडचण इथे आहे, आणि ती सोडवायला नवा कायदा लागत नाही.

४० या आकड्यावर इतके काय अडते?

जवळपास सगळेच. कायद्याने 'दिव्यांग व्यक्ती' आणि 'लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती' असे दोन वेगळे वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गात यायला किमान ४० टक्के लागतात. सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या राखीव जागा, एसटीच्या भाड्यातली ७५ टक्के सवलत, प्राप्तिकरातली वजावट ही सगळी दारे ४० वर उघडतात. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के दिव्यांगत्व अशी दुहेरी अट आहे.

गावपातळीवर सर्वात जास्त फरक पडतो तो संजय गांधी निराधार अनुदान योजनेने. किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि उत्पन्नाची अट पूर्ण करणाऱ्यांना ही मदत मिळते. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महिना दीड हजारांवरून अडीच हजार केली. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू यांनी अन्नत्याग केला तेव्हा मागणी सहा हजारांची होती. अडीच हजार ही काही चैन नाही. पण हिशेब करून पाहा : वर्षाचे ३० हजार रुपये. ३८ आणि ४० यांमधल्या दोन टक्क्यांची ही किंमत आहे, आणि ती दरवर्षी मोजावी लागते.

हा टक्का काढतात कसा?

टक्का म्हणजे डॉक्टरांचा अंदाज, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये मूल्यमापनाच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि प्रत्येक प्रकाराची मोजपट्टी वेगळी आहे. अपील करायचे की नाही, हे ठरवण्याआधी आपल्याला कोणती मोजपट्टी लावली गेली ते समजून घेणे गरजेचे आहे. नाहीतर अपिलाचा अर्ज म्हणजे नुसती विनवणी होते.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर तक्त्यानुसार दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. माणसाला हे अन्यायाचे वाटेल, मासेमारीच्या होडीवर एका डोळ्याने काम करणाऱ्याला तर नक्कीच. पण इथे डॉक्टरांनी चूक केलेली नसते, तक्ताच तसा आहे. केवळ 'मला ४० द्या' एवढ्यावर केलेले अपील अशा प्रकरणात टिकणार नाही, आणि हे आधीच सांगणारा कुणी भेटला तर एक फेरी वाचते.

आता याच माणसाचे उदाहरण थोडे पुढे न्या. समजा, बोटीवरच्या विंचमध्ये सापडून त्याच्या हातालाही इजा झाली आहे आणि हाताचे दिव्यांगत्व वेगळे ३० टक्के भरते. डोळ्यांच्या विभागाने ३० लिहिले, अस्थिव्यंग विभागाने ३० लिहिले. दोन्ही कागद ४० च्या खाली, म्हणून घरचे गप्प बसले. पण एकाहून अधिक दिव्यांगत्वे असतील तर ती एकत्र करायचे सूत्र आहे. मोठा आकडा घ्यायचा. ९० मधून मोठा आकडा वजा करून जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचे आणि ९० ने भागायचे. आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. इथे ३० अधिक २०, म्हणजे ५० टक्के. सरळ बेरीज ६० होत नाही, पण ३० सुद्धा राहत नाही. हे एकत्रीकरण झालेच नसेल, तर अपिलासाठी याहून भक्कम मुद्दा दुसरा नाही. त्यात कुणाच्या वैद्यकीय मताला आव्हान नाही. गणित राहून गेले, एवढेच दाखवायचे आहे.

मानसिक आजारात प्रकरण आणखी नाजूक होते. तिथे 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरली जाते. स्वतःची काळजी घेणे, माणसांशी वागणे-बोलणे, संवाद आणि समज, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. त्यात आजार किती काळ आहे याचे गुण मिळवतात : दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर १, दहा वर्षांपेक्षा जास्त असेल तर ४. एकूण ६ पर्यंत सौम्य, म्हणजे ४० टक्क्यांखाली. ७ पासून मध्यम, म्हणजे ४० आणि पुढे. चारही बाबींत एकेक गुण मिळालेल्या, बारा वर्षे आजारी असलेल्या माणसाचे एकूण ८ होतात. पण जुने केस पेपर पुरात गेले, घर बदलताना हरवले, किंवा सुरुवातीची वर्षे घरच्यांनी देवदेवस्कीत घालवली आणि आजाराचा पुरावा फक्त गेल्या वर्षाचाच निघाला, तर त्याच माणसाचे ५ होतात. आजार तोच, माणूस तोच. फक्त एक पिशवी कागद कमी.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग पट्ट्यात किती घरांची छपरे उडाली हे सगळ्यांना आठवते. त्या घरांत नुसती भांडी-धान्य नव्हते. असे कागदही होते.

आणि एक साधी गोष्ट, जी कोणत्याही मोजमापाला लागू आहे. सांध्याचा कोन मोजताना दोन तपासणाऱ्यांच्या आकड्यांत काही अंशांचा फरक पडतो. ऐकण्याची चाचणी त्या दिवशी माणूस किती थकलेला आहे, खोली किती शांत आहे यावर थोडी हलते. मोजपट्टीत थोडी सूट अपरिहार्य असते. पण तिच्यावर ४० ची रेघ मात्र ब्लेडने मारल्यासारखी आहे. ज्यांचा आकडा ३५ ते ३९ च्या दरम्यान आला आहे, त्यांच्या बाबतीत दुसऱ्यांदा मोजणे हा उपकार मानता येणार नाही. मोजमापाची ती साधी शिस्त आहे.

तपासणीच्या टेबलावर काय निसटते?

मुलाला तपासणीला नेताना आई त्याला नवे कपडे घालते, भांग पाडते. डॉक्टरांनी विचारले, 'स्वतः जेवतो का?' तर आई पटकन 'हो' म्हणते. कारण चारचौघांत मुलाला 'काही येत नाही' म्हणणे तिला जड जाते. तो जेवतो हे खरे असते, पण ताटात कालवून दिल्यावर, तासभर, कुणीतरी समोर बसले तर. टेबलाच्या पलीकडे फक्त 'हो' पोहोचते. बौद्धिक दिव्यांगत्वात बुद्ध्यंकाच्या चाचणीबरोबर सामाजिक परिपक्वतेची मोजणीही होते आणि ती बऱ्याच अंशी पालकांच्या उत्तरांवर उभी असते. त्या एका 'हो'ने किती फरक पडतो, ते आईला कुणी सांगत नाही.

म्हाताऱ्या माणसांचे उलट असते. ती एक तर सगळे दुखणे सांगत बसतात आणि मुख्य तेवढे राहते, किंवा साहेबांसमोर गप्प होतात. अनेक तासांच्या प्रवासानंतर, उपाशीपोटी, गर्दीत आणि भीतीत दिलेली उत्तरे म्हणजे माणसाची रोजची स्थिती नव्हे. हे डॉक्टरांनाही माहीत असते. पण बाहेर उभ्या असलेल्या रांगेचे दडपण त्यांच्यावरही असते, हेही मान्य करायला हवे.

म्हणून तपासणीला जाण्याआधी आठवडाभराची नोंद वहीत करून न्यावी. सकाळी उठण्यापासून झोपेपर्यंत काय जमते, काय कुणाच्या मदतीने जमते, काय जमतच नाही. लांबलचक निबंध नको, दोन पाने पुरेत. एक प्रत डॉक्टरांना द्यावी आणि एक घरी ठेवावी. पुढे अपिलाची वेळ आली तर हीच दोन पाने पहिला पुरावा ठरतात.

संशयाचे ओझे कुणावर?

२०२४ मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून वाद उठला आणि तो देशभर गाजला. त्यानंतर २०२५ मध्ये राज्यात सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. खोट्या प्रमाणपत्रावर लाभ घेणाऱ्याला कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पडताळणी व्हायलाच हवी. बनावट प्रमाणपत्रावर घेतलेली प्रत्येक जागा खऱ्या दिव्यांग उमेदवाराच्या ताटातून गेलेली असते.

पण याचा दुसरा परिणामही ध्यानात घ्यायला हवा. ज्याला टक्का जास्त दिला, त्याची उद्या चौकशी होऊ शकते आणि सही करणाऱ्या डॉक्टरला जाब द्यावा लागू शकतो. ज्याला टक्का कमी दिला, त्याच्याबद्दल कुणीही कधीही विचारत नाही. एका बाजूच्या चुकीला शिक्षा आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीला काहीच नाही, अशी रचना असली की सावध माणूस कोणत्या बाजूला झुकणार हे उघड आहे. त्यात दुष्टपणा नसतो, मनुष्यस्वभाव असतो. पडताळणी जितकी कडक होईल, तितकी अपिलाची वाट रुंद आणि दिसेल अशी हवी. सध्या पडताळणीला आदेश, मुदती आणि बैठका आहेत. अपिलाला मात्र माहितीचा फलकही क्वचितच दिसतो.

मग अपील कुणाकडे आणि कसे?

केंद्राच्या २०१७ च्या नियमांत अर्ज नाकारल्याचे कळवण्यासाठी एक छापील नमुना दिला आहे, नमुना ८. त्यात तीन गोष्टी आहेत. कोणत्या तारखेला तपासणी झाली, कोणत्या कारणांनी प्रमाणपत्र देता येत नाही, आणि हा निर्णय मान्य नसेल तर फेरविचारासाठी अमुक ठिकाणी अर्ज करावा. 'अमुक'च्या जागी नमुन्यात रिकामी रेघ आहे. ती रेघ भरायचे काम स्थानिक यंत्रणेचे. अपिलाचा सगळा हक्क त्या रेघेवर उभा आहे म्हटले तरी चालेल.

यात एक मेख आहे. नमुना ८ मिळतो तो प्रमाणपत्र नाकारल्यावर. ३८ टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले, तर कागदोपत्री काहीच नाकारलेले नसते. उलट प्रमाणपत्र 'दिलेले' असते. साहजिकच कारणे लिहिलेला कागद नाही, अपिलाचा पत्ता नाही. ज्याला शून्य मिळाले त्याला दाद मागायची वाट छापून मिळते. ज्याचे दोन टक्क्यांनी हुकले त्याला मिळत नाही. वास्तविक कलम ५९ मध्ये 'नकार' हा शब्द नाही, 'निर्णय' हा शब्द आहे. कमी टक्का हाही निर्णयच आहे आणि त्याविरुद्धही अपील करता येते. राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने एका परिपत्रकाने एवढे केले तरी पुष्कळ होईल : ४० किंवा ८० च्या थोडे खाली थांबलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रासोबत कारणांचा आणि अपिलीय प्राधिकाऱ्याच्या पत्त्याचा कागद द्यावा. सारे काही पोर्टलवरच निघते. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे ऑनलाइनच दिली जातात. एका आकड्याखाली चार ओळी आपोआप छापणे हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचेही काम नाही.

ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या भत्त्याचा निर्णय कळवणाऱ्या पत्रातच तो का झाला आणि एका महिन्यात फेरविचार कसा मागायचा हे लिहिलेले असते. त्यानंतरही समाधान झाले नाही तर स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. तिथली तपासणी फार प्रेमळ असते असे नाही, तक्रारी तिकडेही ढीगभर आहेत. पण सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत गेली काही वर्षे निकाल अर्जदाराच्या बाजूने लागत आला आहे. पत्ता माहीत असला की माणसे दाद मागतात आणि बऱ्याचदा त्यांचे म्हणणे खरे निघते, एवढे त्यातून दिसते.

तोवर रायगडातल्या अर्जदाराने काय करावे? पहिले पाऊल अपिलाचे नाहीच, कागद मिळवण्याचे आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा अर्ज करावा. त्यात तपासणीची तारीख, अर्जाचा किंवा स्वावलंबन कार्डाचा क्रमांक लिहून तीन गोष्टी मागाव्यात : मूल्यमापनाच्या तक्त्याची प्रत, टक्का कसा काढला याची कारणे, आणि कलम ५९ खालील अपिलीय प्राधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता. अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी विचारले तर तोंडी उत्तर मिळते आणि ते पुढे कुठे दाखवता येत नाही. अलिबागला पुन्हा जाणे परवडणारे नसेल तर स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. स्वतःच्याच तपासणीची कागदपत्रे मागितली म्हणून ती गोपनीय आहेत असे सांगून टाळता येत नाही. ज्या दवाखान्यात आधी उपचार झाले तिथले जुने कागदही मागता येतात. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देण्याचा नियम २००२ पासून आहे.

कागद येईपर्यंत अपील रोखून धरू नये. अपिलाला मुदत असते. निर्णय कळल्यापासून महिन्याच्या आत पहिला अर्ज गेलेला बरा, 'सविस्तर कागदपत्रे मागवली आहेत, मिळताच सादर करू' एवढे वाक्य त्यात घालून.

अपिलाच्या अर्जात काय लिहावे?

गरिबीची कहाणी कमी आणि मोजपट्टीची चूक जास्त. अपिलीय प्राधिकाऱ्याला उत्पन्नाच्या अडचणीवरून टक्का वाढवता येत नाही, तो अधिकारच त्याला नाही. त्याला दाखवायचे ते हे : अमुक चाचणी झालीच नाही, अमुक अहवाल पाहिला गेला नाही, दोन दिव्यांगत्वे एकत्र केली नाहीत, आजाराचा कालावधी चुकीचा धरला. प्रत्येक मुद्द्यासमोर त्याचा कागद. पान दोन पानांत हे बसते. शेवटी मागणी एकच असावी, नव्या मंडळाकडून किंवा तज्ज्ञाकडून फेरतपासणी. पहिल्या डॉक्टरांवर आरोप करण्याने अर्जाला जोर येत नाही, उलट वाचणाऱ्याचे लक्ष भलतीकडे जाते.

फेरतपासणीत टक्का खालीही जाऊ शकतो, हा धोका मनात धरूनच पुढे जावे. ४२ टक्के हातात असलेल्याने ४५ साठी अपील करण्यात फारसा अर्थ नाही. ३८ वाल्याचे तसे नाही; लाभाच्या बाबतीत त्याच्याकडे गमावण्यासारखे फारसे उरलेलेच नसते.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयांत उपचार घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मांडव्याहून किंवा रेवसहून बोटीने मुंबई गाठून वर्षानुवर्षे उपचार घेणारी कुटुंबे या किनाऱ्यावर कमी नाहीत. नियमानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तसाच ज्या सरकारी रुग्णालयात त्या दिव्यांगत्वावर उपचार झाले तिथल्या प्राधिकाऱ्याकडेही करता येतो. जुने कागद जिथे आहेत तिथे तपासणी झाली तर 'पुरावा नाही' हा प्रश्नच कमी होतो. ज्यांनी अजून अर्ज केलेला नाही त्यांच्यासाठी हे जास्त उपयोगाचे. निर्णय प्रलंबित मुदतीबाबतही एक बदल झाला आहे. पूर्वी प्रमाणपत्र एका महिन्यात देण्याचे बंधन होते, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ते तीन महिने झाले. मुदत तिपटीने वाढवताना कारणे देण्याची सक्ती तिपटीने कडक केली असती, तर बदल समतोल वाटला असता.

न्यायालयाने काय म्हटले आहे?

महाराष्ट्रातूनच गेलेले एक प्रकरण इथे उपयोगी आहे, 'ओमकार रामचंद्र गोंड विरुद्ध भारत सरकार'. प्रश्न निवृत्तिवेतनाचा नव्हता, एमबीबीएस प्रवेशाचा होता. वाचा-भाषेचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून अधिक भरल्याने तपासणी मंडळाने विद्यार्थ्याला अपात्र ठरवले होते. गंमत अशी की ४० च्या खाली असता तर त्याला आरक्षण नसते, आणि वर गेला म्हणून प्रवेश नाही. मुंबई उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून पुन्हा तपासणी करवली आणि त्या मंडळाने, हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो, असा अहवाल दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रवेशाचा आदेश झाला, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सविस्तर निकाल आला.

न्यायालयाने तीन मुद्दे मांडले, ते प्रमाणपत्राच्या अपिलातही मांडण्यासारखे आहेत. नुसता आकडा म्हणजे निर्णय नव्हे. मंडळाने प्रतिकूल मत दिले तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत. आणि अपिलाची व्यवस्था उभी राहीपर्यंत मंडळाच्या नकाराला न्यायालयात आव्हान देता येईल व न्यायालय ते प्रकरण नामांकित वैद्यकीय संस्थेकडे पाठवू शकेल. संदर्भ वेगळा असल्याने हा निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही, पण कारणे मागणाऱ्या अर्जात त्याचे नाव लिहिले तर अर्जाचे वजन वाढते.

त्याआधीचा, फेब्रुवारी २०२१ चा 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' हा निकाल ४० च्या खाली राहिलेल्यांच्या कामाचा आहे. परीक्षेत लेखनिक मिळण्यासारख्या सोयीसाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. ३५ टक्क्यांचे प्रमाणपत्र फाडून टाकण्यासारखे नसते. ४० खालच्यांना पांढऱ्या रंगाचे कार्ड मिळते आणि आरक्षण नसले तरी भेदभावाविरुद्धचे संरक्षण आणि वाजवी सोयी मागण्याचा हक्क त्यावर राहतो.

नकार तहसीलचा असेल तर?

तर वाट वेगळी. प्रमाणपत्रावर ४० च्या वर आकडा आहे, पण उत्पन्नाचा दाखला, वय, आधार जोडणी किंवा रहिवासाच्या कारणाने संजय गांधी योजनेचा अर्ज अडला, तर रुग्णालयाशी भांडून उपयोग नाही. तो निर्णय तहसील पातळीवरच्या समितीचा. तिथेही कारण लेखी मागावे, इतिवृत्ताची प्रत मागावी. दोन्ही नकारांची सरमिसळ होऊन टक्क्याची तक्रार तहसीलदाराकडे आणि उत्पन्नाची तक्रार सिव्हिलमध्ये, असे अर्ज फिरत राहतात आणि दोन्ही कार्यालये प्रामाणिकपणे 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणतात.

दोन्हीकडून दाद लागत नसेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे, म्हणजे कायद्याखालच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्त स्वतः टक्का बदलून देत नाहीत. पण कारणे का दिली नाहीत, अपील का घेतले नाही, हे ते संबंधित कार्यालयाला विचारू शकतात. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर काय केले ते संबंधित यंत्रणेने तीन महिन्यांत कळवायचे असते, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याचीही कारणे द्यायची असतात.

वकिलाचा खर्च हे अपील सोडून देण्याचे नेहमीचे कारण. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. रायगड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागलाच आहे, दूरध्वनी मदत क्रमांक १५१००. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेण्याची वेळ आली, तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग गेले असले तरी रायगड मुंबईकडेच राहिले आहे. रिट याचिकेत न्यायाधीश सर्वात आधी विचारतात की उपलब्ध असलेले अपील केले होते का, आणि त्या वेळी आवक शाखेच्या शिक्क्याची ती पोच दाखवावी लागते.